क्रूझचं बुकिंग बदलायला गेलो आणि शेवटी कंपनीच बदलली

पार्कचौक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय पण वेळ काढून वाचा, कारण आता सोलापुरातनं बरेच जण सिंगापूरच्या क्रूझची चौकशी करालेत आणि जो तो फक्त माणशी रेट किती एवढंच विचारतो, बुकिंग बदलायची वेळ आली तर काय हे कुणी विचारतच नाही.

आईबाबांच्या लग्नाची पन्नाशी म्हणून सिंगापूर-पेनांग-फुकेत-सिंगापूर अशी चार रात्रींची क्रूझ ठरवली. तीन केबिन, एक आईबाबांची, एक आमची, एक धाकट्या भावाची आणि भावजयीची. मुंबईच्या एका एजंटकडनं बुकिंग झालं, डिपॉझिट भरलं, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत घरात गोड बातमी आली. सगळे खूश. मग रात्री बसून कंपनीची मेडिकल अट वाचली तर त्यात स्पष्ट लिहिलेलं की प्रवासाच्या कुठल्याही दिवशी चोविसावा आठवडा लागत असेल तर बोटीवर घेणार नाही. क्रूझच्या तारखांना भावजयीला सव्विसावा चालू असणार होता.

नियमाबद्दल माझी अजिबात तक्रार नाही, समुद्रात बाळंतपणाची सोय नसते, बरोबरच आहे. पण मग जी बाई तुमच्याच नियमामुळं चढू शकत नाही तिच्या बदलाला तुम्ही ‘ग्राहकाने स्वतःहून केलेला बदल’ कसं काय म्हणता? फायनल पेमेंटला अजून भरपूर अवकाश होता, लगेच कळवलं, डॉक्टरांचं सर्टिफिकेट पण जोडलं.

आम्ही आधी म्हणालो की भाऊ-भावजयीच्या जागी आत्या आणि आतोबांची नावं घाला. उत्तर आलं, केबिनमधलं मूळ एक नाव तरी राहिलंच पाहिजे, दोन्ही बदलली तर ते कॅन्सलेशन आणि नवीन बुकिंग, आजच्या रेटनं. मग म्हणालो सगळ्यांचीच तारीख हलवा. तर माणशी १०० डॉलर चेंज फी, त्यावर नव्या तारखेचा आजचा रेट, आणि दुसऱ्या माणसाला जी सवलत होती ती गेली कारण ऑफर संपली. आधीची तारीख घ्यावी तर ती फायनल पेमेंटच्या मुदतीच्या आत येते म्हणजे पूर्ण पैसे आजच्या आज भरा, पुढची घ्यावी तर बाळ सहा महिन्यांचं झाल्याशिवाय बोटीवर घेत नाहीत म्हणजे पार पुढच्या वर्षावर जातं. चारी बाजूंनी वाट बंद.

आणि सगळ्यात मनस्ताप कशाचा झाला सांगू का, पैशाचा नाही. एजंटला फोन केला की तो म्हणणार कंपनीची सिस्टिम अलाऊ करत नाही, कंपनीला फोन केला की ती बाई गोड आवाजात म्हणणार, सर तुमचं बुकिंग एजन्सीच्या नावावर आहे, आम्ही तुमच्याशी यावर बोलू शकत नाही. पैसे माझे, आईबाप माझे, आणि बोलायला मी चालत नाही!

शेवटी तिन्ही केबिन रद्द केल्या, डिपॉझिट गेलं, आणि दुसऱ्या कंपनीचं त्याच मार्गाचं बुकिंग केलं. माणशी नऊ हजार जास्त पडले. पण तिथं फायनल पेमेंटपर्यंत डिपॉझिट पूर्ण परत मिळतं आणि तोवर नाव बदलायला पैसे नाहीत, हे ईमेलवर लिहून घेतलंय. बाकी कुणाला असे अनुभव असतील तर लिहा, एका जागी माहिती राहील.

कडकभाकरी

अभिनंदन आधी, होणाऱ्या काकांचं. पण एक विचारू का, फक्त भावाचीच केबिन रद्द करायची की. एकाच केबिनचं डिपॉझिट गेलं असतं, आत्यांना त्याच बोटीवर नवीन घ्यायची. तिन्ही का सोडल्या?

पार्कचौक

हा हिशोब आम्ही पण मांडला होता, बायकोनं तर कागदावर दोन्ही बाजू लिहून काढल्या होत्या. तसं केलं असतं तर आत्ता पैसे वाचले असते हे खरंय. पण उरलेल्या दोन केबिन पण त्याच नॉन रिफंडेबल डिपॉझिटच्या होत्या आणि त्यातली एक आईबाबांची. बाबा शहात्तर वर्षांचे आहेत, गुडघ्याचा त्रास आहे, शुगर आहे. क्रूझला अजून कितीतरी महिने होते. मधे त्यांच्या तब्येतीनं काही काढलं असतं तर परत तोच एजंट, तीच सिस्टिम, तीच गोड बाई. घरात म्हातारी माणसं असली की प्लॅन बदलणारच असं धरून चालावं लागतं, त्यामुळं बदलाचा नियम हा माझ्या मते तिकिटाच्या किमतीतच धरायला पाहिजे. नऊ हजार जास्त दिले ते त्याचे दिले.

तिकीटघर

मी याच धंद्यात आहे, सोलापुरातच, म्हणून दुसरी बाजू सांगतो. रागावू नका, तुमच्या बाजूनंच आहे पण आत काय चालतं ते कळलं तर पुढच्या वेळी फसगत होणार नाही.

क्रूझचं बुकिंग दोन तऱ्हेनं होतं. एक, कंपनीच्या चालू रेटनं तुमच्या नावावर केबिन. दुसरं, मोठा एजंट आधीच पन्नास-शंभर केबिनचा ब्लॉक उचलतो, त्याला ग्रुप म्हणतात, आणि त्यातनं तुम्हाला स्वस्तात एक देतो. ग्रुपच्या केबिनला कंपनीचे छापील नियम लागू होत नाहीत, एजंटनं कंपनीशी जो करार केलाय तो लागू होतो, आणि वर एजंटची स्वतःची कॅन्सलेशन फी वेगळी. म्हणून दोन माणसं एकाच बोटीवर शेजारच्या केबिनमध्ये असतात आणि दोघांचे नियम वेगळे असतात. बुकिंग करताना सरळ विचारायचं, हे ग्रुपमधलं आहे का इंडिव्हिज्युअल.

डिपॉझिटचं पण तसंच. एकाच केबिनचे दोन रेट असतात, रिफंडेबल आणि नॉन रिफंडेबल. जाहिरातीत येतो तो कायम दुसरा कारण तो कमी दिसतो. त्यातनं ‘गॅरंटी’ केबिन घेतली असेल तर आणखी अवघड, त्यात नंबर कंपनी ठरवते, तुम्हाला निवड नाही, लिफ्टपासनं लांब आली तरी बोलायचं नाही. आईवडील बरोबर असतील तर माझं स्पष्ट मत, गॅरंटी घेऊ नका.

कंपन्या इतक्या कडक का, तर बोट सुटली की रिकाम्या केबिनची किंमत शून्य. हॉटेलवाल्याला रात्री दहाला पण एखादं गिऱ्हाईक मिळतं, बोटीला भर समुद्रात कोण मिळणार? आणि खाण्यापिण्याचा, बंदराचा, माणसांचा हिशोब आधीच लागलेला असतो. म्हणून फायनल पेमेंट साधारण ७५ ते ९० दिवस आधी घेतात आणि त्यानंतर रद्द केलं की कापायचे पैसे टप्प्याटप्प्यानं वाढत जातात, शेवटच्या आठवड्यात बहुतेक ठिकाणी शंभर टक्के जातात. नावाची यादी पण आधी द्यावी लागते. केबिनमध्ये चार बेड असले तरी कधीकधी तिसरा-चौथा माणूस घेत नाहीत, कारण त्या भागाच्या लाइफबोटची माणसं भरलेली असतात, हे लोकांना खरं वाटत नाही पण तसंच असतं.

पण हे सगळं फायनल पेमेंटच्या नंतरचं झालं. तुमची केस आधीची आहे. तेव्हा केबिन विकायला कंपनीकडं महिने पडलेत. तिथं दोन नावं बदलायला नाही म्हणणं यात बोटीची काही अडचण नाही, फक्त जुन्या रेटची केबिन काढून नव्या रेटनं विकायची असते. हे मी धंद्यातला असून बोलतोय.

जुळेसोलापूर

तिकीटघर यांना +१. इतकं स्पष्ट कुठल्याच एजंटनं सांगितलं नव्हतं आजपर्यंत.

काळाकोट

पार्कचौक, रद्द केल्यावर हिशोबाचा कागद आला का? म्हणजे तुम्ही भरलेल्या पैशात भाडं किती, पोर्ट चार्जेस आणि टॅक्स किती, टिप्स आधीच घेतल्या होत्या का, एजंटची फी किती, असा वेगवेगळा? बोटीवर चढलाच नाहीत तर पोर्ट चार्जेस आणि आधी भरलेल्या टिप्स कंपन्या सहसा परत करतात. पुष्कळ वेळा एजंट एकच आकडा सांगून मोकळा होतो आणि हे पैसे मधेच राहतात. लेखी मागा.

कायद्याचं म्हणाल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रार तुम्ही जिथं राहता तिथल्या जिल्हा आयोगात करता येते, मुंबईला जायची गरज नाही, सोलापूरचा आयोग चालतो. करारात ‘वाद फक्त अमुक देशाच्या कोर्टात’ असं छापलेलं असतं ते बघून लोक गप्प बसतात, पण इथं रुपयात पैसे घेणारा एजंट इथलाच आहे, त्याला तक्रारीत पार्टी करता येतं. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी लागत नाही, तक्रार ऑनलाइन पण दाखल होते, मुदत दोन वर्षांची.

एक बारीक गोष्ट नीट समजून घ्या. कायद्यात ‘अनुचित करार’ अशी वेगळी व्याख्या आहे, त्यात करार मोडल्यावर नुकसानीच्या मानानं अवाजवी दंड लावणं येतं. पण निव्वळ करारच अनुचित आहे म्हणून भांडायचं असेल तर ते राज्य आयोगाकडं जातं, जिल्ह्याकडं नाही. जिल्ह्यात तुम्ही सेवेतली त्रुटी मांडू शकता. आणि तुमच्या केसमध्ये मला तीच जास्त भक्कम वाटते, कारण बुकिंग घेताना नाव बदलाची अट सांगितली नाही, आणि नंतर एजंट-कंपनी एकमेकांवर ढकलत राहिले. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, बऱ्याचदा तिथंच एजंट जागा होतो.

पार्कचौक

काळाकोट, फार मोठी मदत झाली. नाही ओ, एकच आकडा सांगितलाय, ‘डिपॉझिट फॉरफीट’ एवढीच एक ओळ ईमेलमध्ये. आजच ब्रेकअप मागतो. तक्रारीचं मनात आहे, भाऊ तर पहिल्या दिवसापासनं मागं लागलाय.

होटगीरोड

आम्ही एकाच कंपनीबरोबर कायम जातो, त्यांचे लॉयल्टी पॉइंट साठलेत, त्यामुळं बदलावंसं वाटत नाही. तुमचं वाचून जरा विचारात पडले. पॉइंटमुळं बोर्डिंगला लाइन कमी, कधी एखादं जेवण फुकट, पण नाव बदलायच्या वेळी त्या पॉइंटचा काय उपयोग होतो हे कधी तपासलंच नाही. कुणाला माहीत आहे का?

तिकीटघर

होटगीरोड ताई, बदलाच्या नियमात सहसा काही फरक पडत नाही. तिथं तुमचा भाड्याचा प्रकार बघतात, तुमचं कार्ड कुठल्या रंगाचं आहे ते नाही.

वाचनमात्र

पहिल्यांदाच लिहितोय. ट्रॅव्हल इन्शुरन्स काढला तर हे सगळं कव्हर होत नाही का? आणि मुंबईहूनच क्रूझ निघते की गोव्याला आणि लक्षद्वीपला, पासपोर्टची पण भानगड नाही, मग सिंगापूरच का?

पार्कचौक

इन्शुरन्सचं मी वाचलं होतं. माझ्या पॉलिसीत ट्रिप कॅन्सलेशनला ठरावीक कारणं दिलीत, मृत्यू, गंभीर आजार, हॉस्पिटलमध्ये भरती वगैरे, आणि गरोदरपण सरळ वगळलेलं आहे. म्हणजे आमच्या कारणाला एक रुपया मिळाला नसता. बाबांच्या जुन्या आजारांचं पण तसंच, जे फॉर्ममध्ये आधी सांगितलं नाही ते गेलं. तरी इन्शुरन्स काढाच, बोटीवरचा डॉक्टर फार महाग असतो आणि बिल डॉलरमध्ये येतं. फक्त त्याच्या भरवशावर नॉन रिफंडेबल घेऊ नका.

मुंबईचं म्हणाल तर आईला सिंगापूर बघायचं होतं, तिची लहानपणीची मैत्रीण लग्न होऊन तिकडं गेली आहे, एवढं साधं कारण. आईच्या मनात आलं की आमच्याकडं दुसरं काही चालत नाही.

पूर्वभाग

चांगला धागा. मी एक वेगळीच अडचण सांगते, क्रूझची तारीख हलली की मागची सगळी साखळी हलते. आमचं विमान क्रूझच्या आधी बुक करून ठेवलेलं, बोटीचं बदललं तेव्हा विमानवाल्यानं वेगळे कापले, मग व्हिसाच्या तारखा. म्हणून आता क्रम ठरवलाय. आधी पासपोर्ट, त्याची मुदत परत यायच्या तारखेनंतर सहा महिने तरी पाहिजे, मग क्रूझचं रिफंडेबल डिपॉझिट, मग फायनल पेमेंटच्या तारखेपर्यंत घरातल्या सगळ्यांची तब्येत, परीक्षा, लग्नकार्यं बघायची, आणि त्या आठवड्यात विमान. विमान जरा महाग पडतं, चालतंय. रेल्वेची तर काळजीच नाही, रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं म्हणजे फायनल पेमेंट झाल्यावरच, तेव्हा आपोआप बरोबर बसतं. रात्रीची सिद्धेश्वर पकडायची, सकाळी मुंबई. आणि सिंगापूरला बोट सुटायच्या आदल्या दिवशीच पोचा, विमान लेट झालं तर बोट थांबत नाही आणि पैसे पण परत येत नाहीत.

व्हिसाचं एक लक्षात ठेवा, बोट फिरून परत सिंगापूरलाच येते म्हणजे तुम्ही दुसऱ्यांदा सिंगापुरात शिरता. व्हिसा मल्टिपल एंट्री आहे का ते हातात आल्यावर लगेच बघा.

कडकभाकरी

पूर्वभाग, हे प्रिंट काढून फ्रिजवर लावतो. आमच्याकडं जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे असतात त्यामुळं फेब्रुवारीचंच बघालोय. पार्कचौक, नव्या कंपनीकडनं नक्की काय लिहून घेतलं ते इथं टाकाल का? म्हणजे आम्ही तेच विचारू.

पार्कचौक

टाकतो की. मी ईमेलमध्ये साध्या मराठी-इंग्रजीत असं विचारलं होतं की हे बुकिंग ग्रुपचं आहे का वैयक्तिक, डिपॉझिट कुठल्या तारखेपर्यंत पूर्ण परत मिळेल ती तारीख लिहा, ‘फायनल पेमेंटपर्यंत’ असं मोघम नको. केबिनमधली दोन्ही नावं बदलली तर तो नावबदल धरणार का कॅन्सलेशन. तारीख हलवली तर आत्ताची ऑफर राहील का जाईल. कंपनीच्या वैद्यकीय अटीमुळं कुणाला चढता आलं नाही तर काय करणार. आणि एजंटची स्वतःची फी किती, तुमची आणि कंपनीची वेगवेगळी सांगा. पहिल्या एजंटला मी नंतर हेच पाठवलं होतं, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. नव्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी एकेका प्रश्नाखाली लाल अक्षरात उत्तर लिहून पाठवलं, वैद्यकीय अटीच्या प्रश्नाला त्यानं प्रामाणिकपणे लिहिलं की वेगळा नियम नाही पण फायनल पेमेंटच्या आधी कळवलं तर पूर्ण परतावा असल्यामुळं प्रश्न येणार नाही. मला ते उत्तर आवडलं. नियम नाही तर नाही म्हणाला, उगीच ‘होऊन जाईल सर’ केलं नाही. बुकिंग तिथंच पक्कं केलं.

काळाकोट

त्यात एक भर. ज्या दिवशी पैसे भरता त्या दिवशीच्या अटींचं पान पीडीएफ करून ठेवा. वेबसाइटवरच्या अटी बदलतात आणि मग आयोगापुढं कोणती लागू होती यावरच दोन तारखा जातात. शक्य असेल तर क्रेडिट कार्डानं भरा, सेवा न देता पैसे अडकवले तर बँकेकडं चार्जबॅक, म्हणजे कार्डावरचे पैसे परत, तरी मागता येतो. एजंटच्या खात्यात यूपीआयनं टाकलेले पैसे मागं आणणं फार जिकिरीचं.

जुळेसोलापूर

अवांतर विचारते. शेंगा चटणी आणि कडक भाकरी बोटीवर नेऊ देतात का? सासूबाईंचं त्याशिवाय होत नाही.

तिकीटघर

घरचं बनवलेलं बहुतेक कंपन्या चढू देत नाहीत, दुकानातलं सीलबंद पाकीट चालतं. नव्या पेठेत पॅकिंग करून मिळते ती चटणी घ्या, लेबल लावलेली, आणि चेक-इनच्या बॅगेत टाका. सिंगापूरच्या बोटींवर भारतीय शाकाहारी जेवण असतं, जैन हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच लिहून द्यायचं, बोटीवर जाऊन सांगितलं तर उशीर होतो.

पार्कचौक

अपडेट देतोय. काळाकोट यांनी सांगितल्याप्रमाणं ब्रेकअप मागितला, दोन ईमेल झाल्यावर आला. पोर्ट चार्जेस त्यात वेगळे दाखवलेत आणि ते परत करायचे होते हे एजंटनं मान्य केलंय, पैसे सात दिवसांत कार्डावर येतील असं लिहून दिलंय. पूर्ण डिपॉझिटसाठी १९१५ वर नोंद केली, नंबर मिळाला, पुढं आयोगात जायचं ते भाऊ बघणार आहे, कागद सगळे त्याच्याकडं दिलेत.

होटगीरोड

छान झालं. टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच घेतात तो आगाऊ कर, कापला होता का हो तुमचा? फॉरेन टूर पॅकेजवर कापतात. रद्द झाल्यावर आमच्या एजंटनं तो परत दिला नव्हता, सरकारकडं भरला म्हणाला.

पार्कचौक

हो, कापला होता, तो ब्रेकअपमध्ये दिसतोय. सीएला विचारलं, भरला असेल तर आपल्या पॅनवर जमा कराच्या उताऱ्यात, म्हणजे फॉर्म २६एएस मध्ये दिसतो आणि रिटर्न भरताना जमेस धरता येतो. फक्त पॅन कुणाचा दिला होता ते बघा. आमच्याकडं बाबांचा दिलेला, म्हणजे त्यांच्या रिटर्नमध्ये येणार.